रापणीची वही

रापणीची वही माझ्याकडे आली
अण्णांना एक आणि नऊ यातला फरक दिसेनासा झाला तेव्हा.
पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात:
जाळ्याला दोन, होडीला एक,
दोरीला हात लावील त्याला एक.
खाली पेन्सिलीने: मुक्या भागीला एक,
ती नुसती उभी राहिली तरी.

आज तळाशीलच्या पुळणीवर
साडेपाचपासून ओढतोय दोन्ही दोऱ्या.
टाचा वाळूत, पाठी कललेल्या,
साठ-सत्तर माणसं एकदम मागे सरतात
ओहोटीसारखी.

रात्रभर बाहेर दिव्यांच्या बोटी उभ्या होत्या.
एवढा उजेड
की आमच्याच माडांच्या सावल्या
आमच्या भिंतींवर हलत होत्या.
मासळी उजेडाकडे जाते. तिचा काय दोष?

ऊन वर आलं तेव्हा दोरीवर एक हात वाढला.
लवू मेतर.
काल रात्री त्यातल्याच एका बोटीवर होता,
खलाशी, महिना अठरा हजार.
दोरी क्षणभर सैल पडली.
कुणी काही बोललं नाही.
कुणीतरी थुंकलं.

सात टोपल्या असत्या.
पण जाळं गुडघाभर पाण्यात असतानाच
बोटाएवढे बांगडे पोरांनी ओंजळींनी सोडून दिले.
वहीत तोही एक वाटा आहे,
त्याच्यापुढे नाव नाही.

उरल्या साडेपाच. वाळूवर ढीग पडू लागले.
"ह्येका कित्याक?"
पावलूने विचारलं, लवूकडे न बघता.
हिराक्का वाटे मांडत होती, तिने मान वर केली नाही.
"दोरयेक हात लायलो ना त्येना? मगे."
एक ढीग वाढला.
जवळच्या ढिगांतून एकेक बांगडा कमी झाला,
माझ्याही.

टॉवेलात वाटा बांधून लवू शेजारी टेकला.
मी विचारलं, थय वाटो कसो पडता?
"पगार असता. वाटो नाय."
काल किती गावली?
"टनात मोजतत. वजन बंदरार होता."
आणि वही कोण लिवता?

तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
दिवसा त्या बोटी
अगदी साध्या दिसतात.
"वही आसा काय नाय,
तांव माका म्हायत नाय."

मी त्याच्या नावापुढे एक लिहिला.
शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.
वाऱ्याने थोडी वाळू
रकान्यात येऊन बसली.