मध्ये हवा

ऊन चढायच्या आत यायचं, मुबारिकनं बजावलं होतं,
तापल्या नळ्यांना तो हात लावत नाही.
म्हणून लोकमान्यनगरच्या आमच्या गच्चीवर
मी रात्रीच जुनी चादर टाकून ठेवली,
पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तशी.

वीस नळ्या. त्यांतली एक फुटलेली.
"रिकाम्या तापलेल्या काचेत एकदम गार पाणी कुणी सोडलं, भाभी?"
मी टाकीवरचं कबुतराचं शेण बघत राहिले.
गेल्या रविवारी भर दुपारी मोटर मीच लावली होती.
तेव्हा रागात होते.
रागाचं त्याला काय सांगणार?

तेव्हापासून अप्पा रोज
गॅसवरचं पातेलं फडक्यात धरून
स्वतः न्हाणीत नेतात. कुणाला हाक मारत नाहीत.

मुबारिकनं बाकीच्या नळ्या एकेक फिरवत उपसल्या.
तळाशी पांढरा चुरा, अंड्याच्या टरफलासारखा.
"नर्मदा दिवसाआड येते,
मधले दिवस तुम्ही बोअरचा दगड उकळता."
सात वर्षांच्या आंघोळी झाल्या
आणि उरलं हे, डब्याच्या झाकणात मावेल एवढं.

मग टाकीतून त्यानं एक कांडी काढली.
अंगठ्याएवढी असते म्हणे नवी असताना.
ही उदबत्तीची काडी झाली होती.
"पाणी हिला खातं, म्हणून टाकीला खात नाही.
ही संपली की मग टाकीची पाळी."
मला सासूबाईंचं झिजलेलं लाटणं आठवलं,
का, ते नीट सांगता येणार नाही.

नवी कांडी, सियागंजातले रबर, एक नळी. चादर काढली.
चार वाजता तो परत आला तेव्हा टाकी तापलेली,
आणि खाली न्हाणीत नळ कोरडा.
त्यानं पाइपाला कान लावला.
"पाणी आहे, ऊन आहे. मध्ये हवा अडकलीय. खाली विचारत राहा."

खाली अप्पा होते.
देवासच्या प्लॉटवरून बोलणं थांबून बावीस दिवस झाले होते,
चहा झाल्याचंसुद्धा अन्विता सांगायची,
आणि अन्विता क्लासला गेलेली.

मी डक्टमध्ये वाकले.
"आलं का?"
बराच वेळ काही नाही.
मग खालून, घसा खाकरून,
"नाही."
मुबारिकनं पान्यानं दोनदा ठोकलं.
"आता?"
"खोकतोय नुसता."
"आता?"
"येतंय. गारच आहे."
"पहिली बादली गारच निघते, अप्पा. पाइपातलं असतं ते. जाऊ द्या."
"जाऊ कशाला देऊ, कुंड्यांना होईल."

बादली सरकवल्याचा आवाज आला.
मुबारिक टाकीवर पेन्सिलनं तारीख लिहीत होता,
"वर्षानं कांडी बघायची, विसरू नका."
मी मात्र अजून वाकलेलीच,
डक्टमधून वर येणारी
ती जराशी वाफ चष्म्यावर घेत.