दोन-दहा

मराठीत आम्ही कासार, कन्नडात बोगार,
डोंगरावर नुसते बळेगार.
निपाणीहून पहाटेची लाल बस, पेट्या टपावर,
संकेश्वर, गोकाक, यरगट्टी,
प्रत्येक खड्ड्याला आण्णा छातीवर हात ठेवायचे
जणू माल तिथंच भरलाय.

यल्लम्माचं गुड्ड दिसलं की
बस थांबायच्या आधीच बायका ओरडायच्या,
उधो, उधो!
हा शब्द कुठल्या भाषेतला, कुणी विचारत नव्हतं.

आम्ही जैन. आण्णा गाभाऱ्यात जात नसत.
पण गोष्ट त्यांनीच सांगितली,
गिऱ्हाईक नसताना, शिळ्या भाकरीबरोबर:
ही बाई मलप्रभेच्या काठी रोज वाळूचा घडा करायची,
सापाची चुंबळ, वर घडा, घड्यात पाणी.
एक दिवस पाण्यात दुसऱ्या कुणाचा तरी
हसताखेळता संसार दिसला.
ती बघत राहिली.
वाळूची वाळू झाली.

पुढचं, परशुरामाचं, आण्णा सांगत नसत.
पेटीवरची धूळ फुंकून म्हणत,
काच म्हणजे तरी काय, कुसू?
वाळूच. आपली जरा भाजलेली.

मार्गशीर्षात रांडाव पुनव.
त्या रात्री देवीच्या बांगड्या वाढवतात.
(फुटल्या म्हणायचं नाही. आमच्या धंद्यात
काही फुटत नाही, सगळं वाढतं.)
सकाळी उतारावर हिरवा कचरा,
चप्पल घाल, आण्णा ओरडायचे.
मग माघात अहेव पुनव. जमदग्नी उठतो,
देवी पुन्हा हिरवी.
मधल्या दोन महिन्यांना आण्णा म्हणायचे, मंदी.

त्या साली मंदीतच आण्णा गेले.
डोंगरावर नाही, घरीच, दाढी करताना,
अर्धा गाल साबणात.
आईच्या बांगड्या शेजारच्या पार्वतक्कांनी वाढवल्या,
आणि माळ्यावर साठ डझन हिरव्या, उधारीच्या.

माघात आई पेट्या घेऊन निघाली.
ताडपत्री तीच, पाट तोच.
बायका यायच्या, रंग बघायच्या, दर विचारायच्या,
मग नजर आईच्या मनगटावर जायची
आणि तिथून पुढच्या दुकानावर.
मोकळ्या हाताकडून चुडा भरायचा?
कुणी बोललं नाही.
दोन्ही भाषांत कुणी बोललं नाही.
वर नगारा सुरू झाला होता,
जमदग्नी उठत होता.

दुपारी फकीरव्वा आली. जोगप्पा.
डोक्यावर जग, कपाळभर भंडारा,
दाढीच्या खुंटांतही पिवळं.
पाटावर ऐसपैस बसली, हात पुढे केला,
"हाकव्वा."
आईनं दोन-आठ काढल्या. अंगठ्यालाच अडल्या.
पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या,
दोन-दहा निघाल्या.
एवढं माप आण्णा कुणासाठी ठेवायचे
आम्हाला माहीत नव्हतं.

साबण लावून, अंगठा मुडपून, हाडं दाबून
आई एकेक चढवत गेली.
कधीतरी औत धरलेलं मनगट होतं ते.
तीन वाढल्या. रक्ताचा ठिपका आला,
फकीरव्वानं त्यावर भंडारा चोळला.
म्हणाली, "नवऱ्यापेक्षा तू बरी.
तो डोळे मिटून भरायचा."
आई हसली. दोन महिन्यांनी.

त्यानंतर रांग लागली, असं सांगायला आवडलं असतं.
चार बायका आल्या.
एक घासाघीस करून तशीच गेली.

रात्री परतीच्या बसमध्ये
आईच्या ओच्यात त्या तीन बांगड्यांचे तुकडे होते.
मुनवळ्ळीच्या पुलावर तिनं काच सरकवली
आणि मूठ सोडली.
पाण्यात पडले की वाळूत,
अंधारात कळलं नाही.