व्यवसायाचे स्वरूप : इतर

यादीत अगरबत्ती होती, पापड होते, मधमाश्यासुद्धा होत्या.
रबरी शिक्के नव्हते.
कॅफेतला मुलगा म्हणाला, काकू, 'इतर' टाकू?
टाक.
बत्तीस वर्षं बुधवारात दुकान,
आणि आम्ही इतर.

लेझरचं मशीन हवंय. तीन लाख दहा हजार, जीएसटी वेगळा.
कोटेशनं तीन आणा म्हणाले. आणली.
एक भोसरीचं, एक चिंचवडचं,
तिसरं भोसरीवाल्यानंच मेहुण्याच्या लेटरहेडवर काढून दिलं,
वर चहा पाजला.

प्रकल्प अहवालात पुढच्या पाच वर्षांचा नफा लिहायचा असतो.
मला पुढच्या मंगळवारचा ठाऊक नाही.
अहवाल करून देणारा म्हणाला, दरवर्षी बारा टक्के चढवत चला.
मग मी चढत गेले.
पाचव्या वर्षी माझ्याकडे तीन कामगार आहेत,
त्यातल्या एकीचं नावसुद्धा मी ठरवून टाकलंय.

आधारवर रणपिसे, शाळेच्या दाखल्यावर रणपीसे.
एका वेलांटीपायी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टपुढे उभी राहिले :
सदर दोन्ही व्यक्ती एकच असून ती मीच आहे.
खाली नोटरीचा गोल शिक्का. कडा फाटलेली.
दादांनी असा दिला नसता.

बँकेत म्हणाले, अनुदान मागाहून येतं,
आधी तुमचा हिस्सा दाखवा.
माझा हिस्सा आषाढात आहे,
भिशीचा नंबर तेव्हा लागतो.

शिवाजीनगरला दुसऱ्या मजल्यावर भालसिंग साहेब.
माझी फाईल त्यांच्याकडे तोंड करून,
म्हणजे मला उलटी.
मला चालतं. आमच्याकडे अक्षरं आधी उलटीच जन्मतात.
त्यांनी हातानं ओळ लिहिली,
ती मी त्यांच्या आधी वाचून संपवली :
'इतर म्हणजे काय ते स्पष्ट करावे.'
मग पॅड उघडलं, शिक्का आपटला.
त्रुटीपूर्ततेसाठी परत.
'त्रु' उमटलाच नाही. 'टी'चं पोट मात्र सुटलेलं,
असा 'ट' पुण्यात एकच माणूस कापायचा,
चष्मा कपाळावर, तोंडात लवंग.

साहेबांनी शिक्क्यावर हाऽ केलं, पुन्हा मारला.
नाही.
झिजलाय, म्हणाले, आता हे कुठं मिळतात कोण जाणे.
मी म्हटलं, साहेब,
तेच इतर.

ते हसले नाहीत. जुना शिक्का कागदात गुंडाळून दिला,
असाच हवा म्हणाले, अगदी असाच.

रात्री हातानंच कापायला बसले, मशीन कुठंय.
'त्रु' दोनदा बिघडला. त त्या अंगाला वळवायचा,
रुकाराची शेपटी या अंगाला,
आणि ब्लेडला घाई चालत नाही.
मुलगी म्हणाली, यांचं काम एवढं कशाला मन लावून करतेस?
उत्तर सुचलं नाही. मला वाईट करता येत नाही, एवढंच.
कोटेशनच्या पाठीवर मारून बघितला.
सुंदर आला.

सोमवारी नेऊन दिला, सोबत बिल, एकशे ऐंशी रुपये.
साहेबांनी तो पहिल्यांदा माझ्याच फाईलवर मारला,
जुन्या फिकट ठशाच्या शेजारी,
आता कसं स्पष्ट दिसतंय म्हणाले.
बिल ड्रॉवरमध्ये गेलं.
या तुम्ही. मंजूर झालं की कळवू.

कुठलं, ते विचारायचं
मला खाली पार्किंगमध्ये सुचलं.