अर्थिंग पिट क्रमांक चार

सोहारमधला ऑगस्ट, आणि वर्गात एसी असा
की खोब्रागडे कानटोपी घालून बसलाय.
झुवैना मॅडम विचारतात, फॉल्टचा करंट कुठून जातो?
सोप्या वाटेनं, आम्ही सगळे एका सुरात.
हातात खडू नाही, मार्कर; तरी त्या बोटं झटकतात.
नाही. सगळ्या वाटांनी जातो.
सोपीनं जास्त, अवघडीनं थोडा,
पण जातो.

साडेचारनंतर यार्डात. त्याआधी उन्हात कामाला बंदी.
पिट क्रमांक चार. टेस्टरवर एकोणतीस ओहम.
हमूद कॅन आणतो, पिटात पाणी ओततो,
तापातल्या पोराला पाजावं तसं, थांबत थांबत.
वाळू पिते. आकडा उतरतो : अकरा, सात,
चारवर अडतो.
कोराडीला आम्ही मीठ-कोळसा भरून
झाकण लावायचो नि विसरायचो.
इथं नाही जमत, हमूद म्हणतो, मोडक्या हिंदीत.
दर गुरुवारी यायचं.

शेवटच्या दिवशी पेपर.
आकृतीत खांब, तार, जमीन,
आणि खांबाला टेकलेला एक चौकोन,
आत लिहिलेलं : माणूस, एक हजार ओहम.
त्याच्यातून किती जाईल, काढा.
एकशे चाळीस मिलिअँपिअर आले.
शाळेतल्या सवयीनं उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

शेजारी खोब्रागडे तिथंच अडकलेला.
पारसच्या त्याच्या हेल्परबद्दल तो कधी बोलत नाही.
चौकोनाला त्यानं डोकं काढलं होतं,
पाय काढले होते,
आणि पायांत, खोडून खोडून,
गमबूट.