एक सूत

इंचाचे आठ भाग केले
की त्यातल्या एकाला सूत म्हणतात.

दोन्ही होड्या माझ्याच हातच्या.
एक सांगलीवाडीची, एक डिग्रजची.
एकाच सागाच्या बुंध्यातल्या फळ्या,
एकाच डब्यातलं डांबर,
सांधे बुजवायला काथ्याही एकाच गुंडीचा.
डिग्रजच्या होडीला नाळ बसवली
तेव्हा टोकाला लाकूड जरा जास्त राहिलं.
रंधा हातातच होता.
तेवढ्यात चहा आला.

नदी तेव्हा घाटाच्या सातव्या पायरीला.
आयर्विनच्या कठड्यावर मुंगी शिरायला जागा नाही,
पिंपळाच्या फांदीवर एक पोरगं, तोंडात शिट्टी.
अलीकडं एक बांबू, पलीकडं एक,
आणि मधली रेघ
फक्त माझ्या डोळ्यात.
सुताराची नजर, म्हणून पंच मी.
कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही.
मलाही.

हरिपूरकडून उलट्या धारेनं आल्या दोघी.
एकीच्या सुकाणूवर इलाही नदाफ,
दुसरीच्या, जिनपाल मगदूम.
वल्ही एकदम बुडत होती, एकदम निघत होती,
शेवटच्या वळणाला तर
कुठलं पाणी कुणी उडवलं
ते पाण्यालाही सांगता आलं नसतं.
घाट ओरडत होता.
मग एकाएकी ओरडायचा थांबला.

फळी सरळ आहे का बघताना
आम्ही एक डोळा मिटतो.
सवयीनं तसाच मिटला.
"डिग्रज," म्हणालो.
"कितीनं?"
"सूतभर."
हसले सगळे.
"पाण्यावर सूत मोजतंय गा म्हातारं!"
तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो.

गुलाल उडाला, हलगी कडाडली,
चांदीची ढाल ओल्या खांद्यांवरून डिग्रजला गेली.
इलाही पायऱ्या चढून वर आला,
तळहाताची सालटी निघालेली.
"मामा, बघितलंसा न्हवं नीट?"
"बघितलं."
"मग झालं की."
सदरा पिळला, खांद्यावर टाकला, गेला.

रात्री कंदील घेऊन घाटावर उतरलो.
पट्टी होती बरोबर, रंधाही.
पाण्यात गुडघाभर उभं राहून
दोन्ही होड्या मोजल्या, दोनदोनदा.
डिग्रजची लांब होती.
एक सूत.
माणसं बरोबरीनं आली होती,
लाकूड पुढं आलं होतं.
आणि तेही मी दुपारी बघितलं
की मला नुसतं आठवलं,
हे काही त्या पट्टीवर सापडेना.
रंधा टोकाला टेकवला.
जिंकलेल्या होडीला हात लावू नये,
असलं काहीबाही स्वतःलाच सांगत
ओल्या धोतरानं घरी आलो.

पुढं एका पुरात दोन्ही गेल्या.
एक म्हणे अंकलीच्या पुलाखाली अडकलेली दिसली,
कुठली ते सांगणाऱ्याला ओळखता आलं नाही.
जिनपालच्या घरी ढाल आहे, काळी पडलेली.
इलाही हळदीच्या पेठेत पोती मोजतो,
कानापर्यंत पिवळा.
मी दिसलो की हाक मारत नाही.
लांबूनच हात वर करतो,
अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवतो:
एवढंच.

त्याला ठाऊक आहे की तो नुसता हसतोय,
इतक्या लांबून कळत नाही.
मी एक डोळा मिटून बघतो.
त्या फटीत
माझा चहा निवत असतो.