पहिला हात

रूअरी स्वॉन्सननं चाळीस वर्षं बोटींच्या बुडांना अस्तर दिलं,
विकच्या धक्क्यावर, उताणा पडून,
तोंडावर गंजाची भुकटी झेलत.
आता बोटभर उंचीची माणसं रंगवतो.
काम तेच, म्हणतो, फक्त मान अवघडत नाही.

टेबलावर सत्तावीस जण, शिसवट, बुचांवर चिकटवलेले:
पिंपं ठोकणारे, दोर ओढणारे,
आणि हेरिंगच्या हौदाशी वाकलेल्या सहा बाया,
मुठीत नखाएवढ्या सुऱ्या.
साच्याचं तेल अजून अंगावर आहे त्यांच्या,
म्हणून आधी आंघोळ.
कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश.
अकरा वर्षांची नात एल्स्पेथ
एकेकाच्या काखासुद्धा घासते.
"तेलकट अंगावर काही धरत नाही," म्हातारा सांगतो,
"रंग नाही, की..."
पुढचं गिळतो.

मग वाद. काळं, पांढरं की करडं?
तिला काळं हवं. सावल्या आयत्या मिळतात,
ब्रश पोचला नाही तिथं रात्र झाली समजायचं.
पांढऱ्यावर पिवळा खुलतो, लाल बोलका होतो,
पण एक कोपरा सुटला की दातासारखा दिसतो.
"करडं," म्हातारा म्हणतो.
"साच्याची शिवण, नाकावरचा बुडबुडा,
सगळं दाखवतं. आत्ता दिसलेलं बरं."
"करडं म्हणजे इथलं आभाळ," ती म्हणते,
"ते रोजच असतं."

डबा कोमट पाण्यात ठेव.
आतली गोळी खडखडेपर्यंत हलव, त्यानंतरही हलव.
वीतभर लांबून.
फवारा माणसाच्या अलीकडे सुरू कर, पलीकडे सोड,
अंगावर थांबू नको.
एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ दे,
चेहरा बुजला की पुन्हा कोरता येत नाही.
आणि हवा बघ.

हवा.
उत्तर समुद्रावरून दुपारी धुकं चढतं,
घरं, धक्का, दीपस्तंभ, एकेक पुसत येतं.
इथली माणसं त्याला हार म्हणतात.
माझ्या भाषेत हा शब्द गळ्यात घालतात
नाहीतर खातात.

म्हातारा पावाला गेला होता.
एल्स्पेथनं सहा बाया उचलल्या,
शेडच्या दारात फळीवर मांडल्या
आणि काळ्या डब्याकडे न बघता
करडा घेतला, त्याला बरं वाटावं म्हणून.
बाहेर कुंपण दिसत नव्हतं.
तिनं वीतभर अंतर मोजलं,
अलीकडून पलीकडे, अलीकडून पलीकडे,
सगळं बरोबर केलं,
हवा सोडून.

वाळल्यावर बायांच्या अंगावर रवा आला होता.
पदरांवर, मनगटांवर, डोईच्या फडक्यांवर बारीक कणी.
म्हातारा परतला तेव्हा ती
रंग उतरवायच्या द्रवाची बरणी उघडून उभी,
ओठ आत ओढलेले.

त्यानं भिंग लावलं. एकेक बाई उजेडात फिरवली.
चौथीवर थांबला.
अंगठा तिच्या पाठीवरून नेला, पुन्हा नेला.
"डोलिना," म्हणाला, "माझ्या आईची आई.
बोटांना चिंध्या बांधून मासे चिरायची,
तरी मीठ चिरांत शिरायचंच.
मी जन्मलो तेव्हा ते काम सुटून वीस वर्षं झालेली,
पण पाठीवरून हात फिरवला की
स्वेटरचे धागे ओढले जायचे.
आई ओरडायची, नवा आहे तो!"

एल्स्पेथला काय बोलावं कळेना.
तिनं बरणीचं झाकण उगाच फिरवलं.

पाच जणी द्रवात गेल्या. रात्रभर भिजतील,
उद्या पुन्हा टूथब्रश, पुन्हा आंघोळ,
आणि ऊन पडलं तर.
चौथी बुचावरच राहिली, खिडकीत,
तोंड समुद्राकडे, म्हणजे धुक्याकडे.
पाव कापता कापता म्हातारा म्हणाला,
"हिला दुसरा हात देऊ नको."