सराव पाठ सातवा

इंदूर. रामबागेतली शाळा, मराठीचा तास.
मागच्या बाकावर पागनीस बाई, मांडीवर निरीक्षणवही.

स्मार्ट फळ्याला मी म्हटलं : शाळा.
फळ्यानं लिहिलं : साला.

एकोणतीस पोरं खिदळली.
पुन्हा म्हटलं, जीभ पार टाळूला लावून.
साला.
बाहीनं पुसायला गेले
तर अक्षरं मोठीच झाली.

पहिल्या बाकावरची केया मुळे उठली,
रिमोट मागितला, खडू मागावा तसा.
"मॅडम, त्याला आधी सांगावं लागतं
आपण मराठी आहोत म्हणून.
घरी तो मला मुले म्हणतो."

दोनदा टिचकी. फळा क्षणभर कोरा.
मग तिनंच म्हटलं, हळू,
झोपलेल्याला उठवावं तसं :
शाळा.

बाईंच्या वहीत लाल शाईनं :
साधनाचा वापर उत्तम. केला विद्यार्थिनीने.
खाली मी सही केली.